ज्याचा इशारा त्यालाच

बागूल सरांना रिक्षाने उडवलं तेव्हा ते रस्त्याच्या कडेलाच उभे होते, हातात पांढरी काठी धरून. रिक्षा विजेवरची होती आणि मागून आली होती. खुब्याचं हाड थोडक्यात वाचलं, हाताचं मोडलं. दवाखान्यातूनच त्यांनी वर्तमानपत्रवाल्यांना सांगितलं, "गाडी आली हे मला ती अंगावर आल्यावर कळलं. डोळसांनी खुशाल विजेच्या गाड्या घ्याव्यात. आम्ही मेल्यावर."

नाशिक शहरात पेट्रोलच्या गाड्या बंद व्हायला तेव्हा दीड वर्ष उरलं होतं. विजेच्या गाड्यांवरचे बाकीचे वाद एव्हाना मिटले होते. बॅटरी घाटात दम टाकते, चार्जिंगला तासन्‌तास लागतात, उन्हाळ्यात पेट घेते, असं म्हणणारी माणसं आता स्वतःच त्या गाड्यांतून फिरत होती. चहा पिऊन होईपर्यंत गाडी भरायची आणि एका दमात नागपूर गाठायची. एकच वाद शिल्लक होता. गाडीला आवाज असावा की नसावा?

अंध संघाचं म्हणणं, असावाच. बागूल सर संघाचे अध्यक्ष होते आणि त्यांनी कोर्टात अर्ज केला होता. त्याआधी सरकारने गाड्यांना भोंग्यातून गुणगुण करायला लावून पाहिलं होतं. एका गाडीची गुणगुण बरी वाटे. पण गंगापूर रोडवर हजारो गाड्या एकदम गुणगुणू लागल्यावर लोकांची डोकी उठली. लहान मुलं झोपेनात. कुठल्याशा सोसायटीतल्या लोकांनी भोंग्यांच्या तारा कापल्या. गाडी विजेची का घेतली, तर शांतता हवी म्हणून, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही बाजूंचं खरं होतं.

अशा वेळी मार्दव मोटर्स या कंपनीची इंजिनिअर कृत्तिका पाठारे रविवार कारंजावरच्या एका पेटीच्या दुकानात आली.

दुकान हेमंत खैरनारांचं होतं. नवव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली होती, आता साठीला आले होते. बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचे. सूर केसाएवढा उतरलेला असला तरी त्यांना कळायचा. जिल्ह्यातले गवई पेटी घेऊन त्यांच्याकडेच यायचे, पण आता गवईही थोडे आणि पेट्याही थोड्या राहिल्या होत्या.

"काका, मला तुमचे कान हवेत," कृत्तिका म्हणाली.

"कापून देऊ?"

ती हसली आणि समोर बसून तिने सगळं समजावून सांगितलं. गाडीच्या बंपरमध्ये बशीएवढी चकती बसवायची. तिच्यातून माणसाला ऐकू न येणाऱ्या, फार वरच्या कंपनांचे दोन झोत एकदम सोडायचे. दोघांत किंचित फरक ठेवायचा. जाता जाता हवाच त्या दोघांना एकमेकांत मिसळते आणि त्या फरकाएवढा स्वर हवेत तयार होतो. पण तो फक्त झोताच्या वाटेवर. विजेरीचा उजेड जसा जिथे पाडू तिथेच पडतो, तसा हा आवाज ज्याच्यावर सोडू त्यालाच ऐकू येतो. कॅमेरा बघणार की वाटेत माणूस आहे, आणि चकती फक्त त्या माणसाच्या कानावर इशारा टाकणार. शेजारी उभ्या असलेल्याला पत्ताही लागणार नाही.

"रस्ता शांत, आणि ज्याचा इशारा त्यालाच," कृत्तिका म्हणाली.

"खोट कुठे आहे?" खैरनारांनी विचारलं. आयुष्यभर वाद्यं उघडून बघणारा माणूस. खोट नसलेली वस्तू त्यांनी पाहिली नव्हती.

"खालचे स्वर निघत नाहीत. एक सप्तक खाली आलं की जोर चौथाई होतो. दोन सप्तकं खाली, सोळावा हिस्सा. म्हणून स्वर खूप वरचा ठेवावा लागतो. आणि वय झालं की कानातून आधी वरचेच स्वर जातात."

"माझे गेलेत?"

तिने खिशातून काडेपेटीएवढी डबी काढली आणि दाबली. बारीक, सुईसारखा स्वर. खैरनारांनी लगेच बोट वर केलं. ती दुकानाच्या दारापर्यंत गेली, मग रस्त्यापलीकडे. तिथून दाबला तेव्हाही त्यांनी बोट वर केलं.

सरकारने तिघा अंधांची समिती नेमायची ठरवली होती. समितीच्या सहीशिवाय ध्वनिकिरणाला, म्हणजे कंपनीच्या या झोताला, परवानगी मिळणार नव्हती. बागूल सर त्यात होतेच, सिन्नरचे एक तरुण शिक्षक होते, आणि तिसरं नाव खैरनारांचं पडलं.

चाचणीचं मैदान अंबडच्या पुढे होतं. तिथे खरा वाटावा असा रस्ता बांधला होता, त्यावर शहरातल्या नव्या रस्त्यांसारखाच टायरचा आवाज पिणारा रबरी थर. पहिल्या दिवशी खैरनार त्या रस्त्यात काठी टेकत उभे राहिले. एकतीस वर्षं ते प्रमिलाबाईंच्या, म्हणजे बायकोच्या, कोपराला धरून चालत आले होते. प्रमिलाबाई महापालिकेच्या शाळेत शिकवायच्या. शाळेआधी त्यांना दुकानात सोडायच्या आणि शाळा सुटल्यावर न्यायच्या. आज कोपर नव्हतं. डाव्या अंगाने सुईसारखा स्वर आला आणि थेट कानात शिरला. गाडी कुठे आहे, किती लांब आहे, कुठल्या बाजूने येतेय, सगळं त्या एका स्वरात होतं. ते थांबले. गाडी गेली. स्वर विझला. त्यांनी रस्ता ओलांडला. मग पुन्हा ओलांडला. अकरा वेळा ओलांडला.

बागूल सर मात्र तिसऱ्या गाडीला चिडले. "कुठे आहे आवाज? मला नाही आला."

"आला की सर, चांगला स्पष्ट," खैरनार म्हणाले.

"तुला आला असेल. मी सत्तरीचा आहे. शहरात म्हातारी माणसं राहत नाहीत का?"

खैरनारांना वाटलं, सरांना विजेच्या गाड्याच नकोत. उद्या गाडी नगारा वाजवत आली तरी म्हणतील, ऐकू आली नाही.

त्या आठवड्यात एकदा प्रमिलाबाई त्यांना न्यायला मैदानावर आल्या. कृत्तिका गमतीत म्हणाली, "काकू, तुम्हीपण उभ्या राहा ना. डोळे मिटून. स्वर आला की हात वर करायचा."

त्या उभ्या राहिल्या. गाडी आली आणि त्यांच्यापासून दोन हातांवर थांबली. खैरनार बाजूला उभे होते. झोत त्यांच्यावर नव्हता, म्हणून त्यांना काहीच ऐकू आलं नाही. फक्त कृत्तिकाचा आवाज आला, "काकू? हात?"

"अगं बाई, लक्षच नव्हतं माझं," प्रमिलाबाई म्हणाल्या.

खोटं बोलताना माणसाचा सूर किंचित चढतो. प्रमिलाबाईंचा चढला होता.

घरी खैरनारांनी काही विचारलं नाही. कृत्तिकाने सरावासाठी दिलेली डबी त्यांच्याकडे होती. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमिलाबाई ओट्याशी गवार मोडत होत्या. शेंगांचा टचटच आवाज येत होता. खैरनार त्यांच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी डबी दाबली. टचटच चालूच राहिली. ते एक पाऊल पुढे गेले. पुन्हा दाबली. मग पुन्हा. चौथ्या वेळी डबी प्रमिलाबाईंच्या कानापासून वीतभर होती. शेंगा मोडत राहिल्या.

मग हळूहळू सगळं जुळत गेलं. अलीकडे त्या पाठ करून कधी बोलत नव्हत्या. स्वयंपाकघरातून ते काही म्हणाले की आधी पावलं यायची, मग उत्तर. दूरध्वनी आला की "तुम्हीच बोला हो," म्हणायच्या. त्या त्यांचे ओठ वाचत होत्या. किती वर्षं, देव जाणे.

विचारायचं त्यांनी तीनदा ठरवलं आणि तीनदा टाळलं. विचारलं असतं तर अहवालात लिहावं लागलं असतं की घरातल्या साठीच्या बाईला हा स्वर ऐकू येत नाही. बागूल सर म्हणतात ते खरं ठरलं असतं. ध्वनिकिरण गेला असता, पुन्हा गुणगुण आली असती, आणि त्या गोंगाटात एकेकटी गाडी ओळखणं खैरनारांना कधी जमलं नव्हतं. पुन्हा कोपर. स्वतःला ते एकच सांगत राहिले, तिला डोळे आहेत ना. ती बघते. डोळसाला इशारा हवाच कशाला?

आठ दिवसांनी अहवालावर सह्या झाल्या. बागूल सरांनी सही केली नाही. दोनास एक मताने ध्वनिकिरण मंजूर झाला. अहवालात एक वाक्य खैरनारांनी स्वतः सांगून घातलं होतं: 'एका सदस्याला स्वर ऐकू न येणे ही वैयक्तिक बाब आहे.'

पेट्रोलच्या गाड्या बंद झाल्या आणि शहर शांत झालं. अशोक स्तंभावर उभं राहिलं तरी कबुतरांचे पंख ऐकू येत. खैरनार एकटे घरून दुकानात जाऊ लागले. सत्कार झाले. एका सभेत ते म्हणाले, "मी एकतीस वर्षं बायकोच्या कोपराला बांधलेला होतो. मार्दव कंपनीने मला सोडवलं." टाळ्या पडल्या. प्रमिलाबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, तिथून ओठ स्पष्ट दिसत असणार. घरी जाताना त्या म्हणाल्या, "छान बोललात." त्या दिवसापासून त्या त्यांना न्यायला यायच्या बंद झाल्या.

अडचण यायची ती पुढच्या वर्षी आली. गाडी माणूस दिसला की आपोआप ब्रेक लावायची, ही जुनी सोय होती. पण आपल्या रस्त्यांवर पावलोपावली माणूस. गाड्या सारख्या थांबायच्या आणि मागे रांगा लागायच्या. म्हणून कंपन्यांनी बदल केला. आधी इशारा, मग ब्रेक. इशारा ऐकल्यावर माणूस थांबतोच, असं धरून ब्रेक जरा उशिरा लागायचा. आणि कोणाला, किती वाजता, किती सेकंद इशारा दिला याची नोंद गाडी ठेवायची. अपघात झाला की नोंद उघडायची. 'इशारा पोहोचला' असं तिथे असलं की दोष चालणाऱ्याचा.

वर्षभरात नोंदीने दोषी ठरवलेली माणसं बहुतेक म्हातारी होती. त्यांत बागूल सर होते. भद्रकालीत, भरदुपारी. नोंदीत तीन इशारे होते. अंत्ययात्रेला खैरनार गेले तेव्हा सरांच्या मुलीने त्यांचा हात धरून त्यांना बाहेर आणून सोडलं.

एवढं झाल्यावर तरी त्यांनी प्रमिलाबाईंना सांगायला हवं होतं. सरकारने कर्णबधिरांसाठी मनगटाचा पट्टा काढला होता. तो असला की गाडी लांबूनच ब्रेक लावायची. त्यासाठी नाव नोंदवावं लागे. खैरनारांनी दोनदा विषय काढला, "अमक्याने पट्टा घेतला म्हणे," असा आडून. प्रमिलाबाई म्हणाल्या, "चांगलं केलं." त्यांचा सूर किंचित चढला.

डिसेंबरातल्या एका सकाळी ते दोघं भाजी घ्यायला निघाले. खैरनार सवयीने पुढे चालले होते, काठी टेकत, एकटे. त्यांनी रस्ता ओलांडला, पलीकडच्या फुटपाथवर चढले आणि त्यांना आठवलं. ते वळले आणि म्हणाले, "अगं, पिशवी घेतलीस का?"

प्रमिलाबाई रस्त्याच्या मध्यावर होत्या. ते काहीतरी बोलतायत एवढं त्यांना कळलं. काय बोलतायत हे कळायला त्यांनी ओठांकडे पाहिलं. ज्या डोळ्यांनी उजवीकडे बघायचं, ते डोळे त्या वेळी कानांचं काम करत होते.

खैरनारांना काही ऐकू आलं नाही. इशारा त्यांच्यासाठी नव्हता. ते उत्तराची वाट बघत चेहरा हसरा ठेवून उभे होते. मग ब्रेकचा फरफटता आवाज, आणि त्यात मिसळलेला दुसरा एक आवाज, जो त्यांनी पूर्वी कधी ऐकला नव्हता.

उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. चौथ्या दिवशी प्रमिलाबाई शुद्धीवर आल्या तेव्हा खैरनार कॉटशी बसले होते.

"तोंड इकडे करा," त्या म्हणाल्या. ते वळल्यावर म्हणाल्या, "मला ऐकू येत नाही हो. सहा-सात वर्षं झाली. तुम्ही बोलताय एवढं कळतं, शब्द कळत नाहीत."

"मग सांगितलं का नाहीस? मशीन तरी लावायचंस."

"मशीन शिट्टी मारतं. तुम्हाला लगेच ऐकू आलं असतं." त्या दमल्या होत्या, पण बोलत राहिल्या. "तुम्हाला मी म्हणजे काय, तर आवाज. तुम्ही बोलता, मी उत्तर देते, एवढाच आपला संसार. बायको बहिरी म्हटल्यावर तुम्ही बोलणं कमी केलं असतं. मग आपल्यात काय राहिलं असतं?"

खैरनारांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मला कधीच कळलं नाही गं," ते म्हणाले. त्यांनी चेहरा मुद्दाम तिच्याकडे ठेवला होता.

प्रमिलाबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि उलट त्यांचीच समजूत घातली. "तुम्हाला कसं कळणार? मीच लपवलं."

महिन्याभराने कृत्तिका घरी आली. तिने कंपनी सोडली होती. प्रमिलाबाई आत झोपल्या होत्या, वॉकर कॉटला टेकवून.

"काका, काकूंच्या अपघाताचा निवाडा करणाऱ्या लवादापुढे तुमची साक्ष आहे. कंपनीचा सगळा बचाव तुमच्या अहवालावर उभा आहे. म्हाताऱ्यांना ऐकू येत नाही हे मी आतल्या बैठकांत सांगितलं, त्याचा कागद कुणी ठेवला नाही. सही तुमची आहे. तुम्हाला सही करताना माहीत होतं असं तुम्ही म्हणालात, तर अहवाल पुन्हा उघडेल. स्वर बदलतील, निदान ब्रेक तरी आधी लागतील."

"तुला कोण म्हणालं मला माहीत होतं?"

"मैदानावर काकूंनी हात वर केला नाही तेव्हा मी तुमचा चेहरा बघत होते," कृत्तिका म्हणाली. "तुम्हाला चेहरा लपवायची सवय नाही, काका. कोणी बघतंय हे तुमच्या लक्षातच येत नाही."

लवादाचं कामकाज सकाळी अकराला सुरू झालं. अधिकारी सभ्य होते. त्यांनी आधी गाडीची नोंद वाचून दाखवली. दोन पूर्णांक तीन सेकंदांत तीन इशारे, तिन्ही पोहोचले. मग ते शिपायाला म्हणाले, "बाईंची खुर्ची यांच्या समोर ठेवा. त्यांना ओठ दिसले पाहिजेत. त्यांच्याच प्रकरणात काय बोललं जातंय ते त्यांना कळायला हवं."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. वॉकर फरशीवर टेकला. खैरनारांना प्रमिलाबाईंचा श्वास ऐकू आला, जेमतेम तीन हातांवर. ते खाली मान घालून बोलू शकले असते. हात तोंडापुढे धरू शकले असते. त्यांनी मान वर ठेवली.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"हिला तो स्वर ऐकू येत नाही हे. सही करायच्या आठ दिवस आधी. मी घरी तिच्या पाठीमागे उभा राहून डबी वाजवून पाहिली होती. चार वेळा."

"मग अहवालात लिहिलं का नाही?"

"मला एकट्याला चालता येत होतं."

मग वॉकर उचलल्याचा आवाज आला, तो दाराकडे गेला, आणि बाहेर गेला.

निकाल पंधरा दिवसांनी लागला. हेमंत खैरनारांचं निवेदन दुःखातून आलेलं आहे, त्याला कागदोपत्री पुरावा नाही, म्हणून अहवाल जसा आहे तसा ग्राह्य. मात्र पत्नी कर्णबधिर असल्याचा निवेदनातला भाग दवाखान्याच्या कागदांशी जुळतो, म्हणून तेवढा मान्य. कर्णबधिर असून नोंदणी केली नाही, पट्टा बांधला नाही, यास्तव अपघाताचा संपूर्ण दोष पादचाऱ्याचा. स्वर बदलला नाही. ब्रेकही बदलले नाहीत.

प्रमिलाबाई घर सोडून गेल्या नाहीत. एका पायाने कुठे जाणार, असं शेजारी म्हणत. दोन्ही वेळचा स्वयंपाक होतो, ताट समोर येतं, चहाचा कप हाताशी ठेवला जातो. पण लवादाच्या त्या दिवसापासून त्या एक शब्दही बोललेल्या नाहीत.

खैरनार बोलतात. आधी माफी मागायचे, मग रडायचे, आता साधंच काहीबाही बोलतात. दुकानात कोण आलं, कुठल्या पेटीचा भाता फाटला होता, बाहेर गार आहे. वॉकर कुठे टेकतो ते त्यांना ऐकू येतं, तेवढ्यावरून ती खोलीत कुठे आहे हे कळतं. ते तिकडे तोंड करतात, ओठ नीट हलवतात, एकेक शब्द सावकाश उच्चारतात, आणि थांबतात. ती कुठे आहे ते त्यांना कळतं. ती त्यांच्याकडे बघतेय की भिंतीकडे, हे कळायला त्यांच्याजवळ काही नाही.